लॉज ते विधिमंडळ : अमेरिकन घटकराज्यांतील राजकारणी, बंधुसंघ आणि नागरी संस्था

प्रस्तावना

अमेरिकेतील अनेक घटकराज्ये आपल्या विधिमंडळ सदस्यांचा परिचय देणारी अधिकृत पुस्तिका प्रसिद्ध करीत आली आहेत. विस्कॉन्सिनमध्ये ती 'ब्लू बुक' या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशा परिचयांत जन्मगाव, शिक्षण, व्यवसाय आणि पक्ष यांच्या जोडीला आणखी एक तपशील वारंवार आढळतो. अमुक सदस्य फ्रीमेसन आहेत, तमुक ऑड फेलोज किंवा एल्क्स या संघाचे सभासद आहेत, कुणी शेतकऱ्यांच्या 'ग्रेंज'मध्ये पदाधिकारी होते. मतदाराला आपला प्रतिनिधी कोण आहे हे सांगताना तो कोणत्या लॉजमध्ये बसतो हेही सांगणे त्या काळी स्वाभाविक मानले जाई.

भारतीय वाचकाला ही गोष्ट काहीशी नवलाची वाटेल. आपल्याकडे राजकारण्याची ओळख पक्ष, जात, सहकारी संस्था, शिक्षणसंस्था यांवरून होते. अमेरिकन घटकराज्यांत सुमारे दोन शतके हे काम बऱ्याच अंशी बंधुसंघांनी आणि नागरी संस्थांनी केले. या संस्थांनी राजकारण्यांना काय दिले, त्यांच्या सभासदत्वातून कोणते प्रश्न उभे राहिले आणि घटकराज्यांच्या विधिमंडळांनी व न्यायालयांनी त्यांची उत्तरे कशी शोधली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. लॉजने राजकारण्यांना स्वशासनाचे शिक्षण दिले, हे खरे आहे. परंतु लॉजची शपथ, तिचे दार आणि तिची सभासदयादी या तीन गोष्टी लोकशाहीच्या कसोटीला लागल्यावरच त्या शिक्षणाचे खरे मोल ठरले, असे या इतिहासावरून दिसते.

लॉज म्हणजे काय?

लॉज हे बंधुसंघाचे स्थानिक एकक होय. अनेक लॉज मिळून राज्यपातळीवरची ग्रँड लॉज बनते व तिच्या प्रमुखाला ग्रँड मास्टर म्हणतात. आधुनिक फ्रीमेसनरीची सुरुवात 1717 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ग्रँड लॉजपासून मानली जाते. अमेरिकन ऑड फेलोजचा आरंभ 1819 मध्ये बाल्टिमोर येथे झाला. नाइट्स ऑफ पिथियस (1864), एल्क्स (1868), कॅथलिकांचा नाइट्स ऑफ कोलंबस (1882) हे संघ पुढे आले. दीक्षाविधी, पायऱ्यापायऱ्यांनी मिळणाऱ्या पदव्या, गुप्त खुणा आणि परस्पर साहाय्याची शपथ ही त्यांची समान लक्षणे होती. आजारपणात मदत, मृत सभासदाच्या अंत्यविधीचा खर्च, विधवेला व मुलांना आधार ही कामे ते करीत. राज्याने सामाजिक विमा सुरू करण्यापूर्वीच्या काळात या मदतीचे महत्त्व फार मोठे होते.

या संघांची अंतर्गत रचना राजकीयदृष्ट्या लक्षणीय आहे. प्रत्येक लॉजला लिखित घटना असे. पदाधिकारी ठरावीक मुदतीने निवडले जात. ठराव मांडणे, अनुमोदन देणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब सादर करणे या गोष्टी नियमाने चालत. गावातील लॉज, राज्याची ग्रँड लॉज आणि कित्येक संघांत तिच्यावरची राष्ट्रीय परिषद ही उतरंड अमेरिकन संघराज्याच्या रचनेशी मिळतीजुळती होती. एखादा दुकानदार किंवा तरुण वकील लॉजचा चिटणीस म्हणून सभा चालवायला शिके आणि राज्याच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जाऊ लागला की त्याच्या ओळखी अनेक परगण्यांत पसरत. विधिमंडळाच्या निवडणुकीला उभे राहणाऱ्या माणसाला याहून उपयुक्त उमेदवारी क्वचितच मिळाली असती.

या संघांचा पसारा किती होता, याची कल्पना एका अंदाजावरून येते. 1897 मध्ये डब्ल्यू. एस. हारवुड या लेखकाने 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकात मांडले की, देशातील सुमारे 1 कोटी 90 लाख प्रौढ पुरुषांमागे बंधुसंघांची सभासदसंख्या 54 लाखांच्या घरात आहे. एकच माणूस अनेक संघांत असे, हे लक्षात घेऊनही हा आकडा मोठाच आहे.

फ्रँकलिन आणि क्लिंटन : दोन आरंभीची उदाहरणे

नागरी संस्थेतून विधिमंडळाकडे जाण्याचा मार्ग बेंजामिन फ्रँकलिन यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. त्यांनी 1727 मध्ये फिलाडेल्फियात 'जंटो' हे चर्चामंडळ, 1731 मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय आणि 1736 मध्ये स्वयंसेवी अग्निशमन दल सुरू केले. 1734 साली ते पेनसिल्व्हेनियाच्या मेसनांचे ग्रँड मास्टर होते. 1736 मध्ये ते वसाहतीच्या विधानसभेचे कारकून झाले, 1751 मध्ये सदस्य झाले आणि स्वातंत्र्यानंतर 1785 ते 1788 या काळात राज्याच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते.

त्यांची कार्यपद्धती पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या उभारणीत दिसून येते. 1751 मध्ये विधानसभेने असा कायदा केला की, नागरिकांनी वर्गणीतून 2,000 पौंड जमवले तर तेवढीच रक्कम सरकारी तिजोरीतून द्यावी. या सशर्त अनुदानाची कल्पना फ्रँकलिन यांची होती. ग्रामीण सदस्यांना वाटले, एवढी वर्गणी जमणारच नाही, म्हणून त्यांनी संमती दिली. इकडे नागरिकांना वाटले, आपला प्रत्येक पौंड दुप्पट होतो आहे, म्हणून त्यांनी हात सैल सोडला. लोकवर्गणी आणि विधिमंडळ यांची अशी सांगड घालणारा राजकारणी नागरी संस्थांच्या मुशीतूनच घडू शकत होता.

दुसरे उदाहरण न्यू यॉर्कचे गव्हर्नर डी विट क्लिंटन यांचे. ते 1806 ते 1819 या काळात राज्याचे ग्रँड मास्टर होते आणि 1805 मध्ये स्थापन झालेल्या 'फ्री स्कूल सोसायटी'चे पहिले अध्यक्ष. गरीब मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या या संस्थेला पुढे राज्याचे साहाय्य मिळाले. 1817 मध्ये क्लिंटन गव्हर्नर झाले. 1825 मध्ये पूर्ण झालेला 363 मैलांचा ईरी कालवा ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. तथापि त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस लॉज आणि राज्यसत्ता यांचा संघर्ष त्यांच्याच राज्यात उघडा पडला.

पहिली कसोटी : शपथ

1826 च्या सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्क राज्यातील बटेव्हिया येथील विल्यम मॉर्गन हा इसम नाहीसा झाला. मेसनांचे गुप्त विधी उघड करणारे पुस्तक छापण्याच्या तयारीत तो होता. किरकोळ आरोपावरून त्याला कॅनन्डेग्वा येथील तुरुंगात ठेवण्यात आले. कुणीतरी त्याचे देणे भागवून त्याला बाहेर काढले, गाडीत घातले आणि नायगारा किल्ल्याकडे नेले. त्यानंतर तो कुणालाही दिसला नाही.

लोकक्षोभ उसळला तो पुढील घडामोडींमुळे. 1827 च्या आरंभी अपहरणाबद्दल चौघांना शिक्षा झाल्या, त्या अवघ्या एक महिन्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या. नायगारा परगण्याचा शेरीफ एली ब्रूस हाच या कटात गुंतलेला निघाला. तपास करणारे, पंच म्हणून बसणारे आणि साक्षीला येणारे यांपैकी अनेक जण मेसन असल्याने प्रकरण दडपले जात आहे, अशी लोकांची भावना झाली. क्लिंटन स्वतः मेसन असूनही त्यांनी बक्षिसे जाहीर केली व ब्रूसला पदावरून दूर केले. पुढे ब्रूसला 28 महिन्यांची कैद झाली. पण संशय मिटला नाही. ज्याने भावाला संकटात साह्य करण्याची गुप्त शपथ घेतली आहे आणि कायद्याचे निःपक्ष पालन करण्याची जाहीर शपथही घेतली आहे, तो अधिकारी ऐन वेळी कोणती शपथ पाळील, हा प्रश्न सर्वतोमुखी झाला.

त्यातून 'अँटी-मेसॉनिक पक्ष' उभा राहिला. त्याचे यश प्रामुख्याने घटकराज्यांत होते. मिलर्ड फिलमोर 1828 मध्ये आणि विल्यम सीवर्ड 1830 मध्ये याच पक्षातर्फे न्यू यॉर्कच्या विधिमंडळावर निवडून आले. व्हरमाँटमध्ये विल्यम पामर 1831 मध्ये आणि पेनसिल्व्हेनियात जोसेफ रिट्नर 1835 मध्ये गव्हर्नर झाले. अध्यक्षपदाचा उमेदवार राष्ट्रीय अधिवेशन भरवून निवडण्याची प्रथाही याच पक्षाने 1831 मध्ये बाल्टिमोर येथे सुरू केली. व्हरमाँटच्या विधिमंडळाने 1833 मध्ये कायद्याने विहित नसलेल्या शपथा देण्यास बंदी केली. न्यू यॉर्कमध्ये पाचशेच्या आसपास असलेल्या लॉजची संख्या काही वर्षांतच शंभराच्या खाली आली.

या चळवळीला दुसरी बाजूही होती. पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधीगृहात थॅडियस स्टीव्हन्स यांनी 1835-36 च्या अधिवेशनात मेसनरीची चौकशी आरंभली आणि माजी गव्हर्नर जॉर्ज वुल्फ यांच्यासह प्रमुख मेसनांना साक्षीसाठी बोलावले. वुल्फ यांनी साक्ष देण्यास नकार दिला. सभासदत्वाचाच गुन्हा करू पाहणारी ही चौकशी अखेर फसली. गंमत अशी की, याच वुल्फ यांच्या कारकिर्दीत 1834 मध्ये झालेला मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात असताना, 1835 मध्ये स्टीव्हन्स यांनीच प्रभावी भाषण करून तो वाचवला. लॉजचा कट्टर वैरी आणि लॉजचा सभासद सार्वजनिक शिक्षणाच्या प्रश्नावर एका बाजूला उभे राहिले. राजकारण्याची पारख त्याच्या सभासदत्वावरून करावी की कृतीवरून, या वादाचे उत्तर या घटनेत पुष्कळसे सापडते.

दुसरी कसोटी : दार

लॉजच्या आत बंधुता होती, पण दारात निवड होती. नव्या माणसाच्या प्रवेशासाठी पांढऱ्या व काळ्या गोट्यांनी गुप्त मतदान होई आणि मेसनांच्या लॉजमध्ये एका काळ्या गोटीनेही अर्ज फेटाळला जाऊ शके. ओहायोच्या राज्य सिनेटमध्ये काम केलेले आणि पुढे देशाचे अध्यक्ष झालेले वॉरन हार्डिंग यांनाही याचा अनुभव आला. 1901 मध्ये त्यांना मेसनांची पहिली पदवी मिळाली, मात्र विरोधामुळे तिसरी मिळायला 1920 साल उजाडले. तरीही हार्डिंग यांची अडचण वैयक्तिक होती. वर्णाच्या आधारे ज्यांना दार कायमचे बंद होते, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

बोस्टनमधील मुक्त कृष्णवर्णीय प्रिन्स हॉल आणि त्यांचे चौदा सहकारी यांना 1775 मध्ये ब्रिटिश सैन्यातील एका लॉजने दीक्षा दिली. अमेरिकन श्वेतवर्णीय मेसनांनी त्यांना समान स्थान न दिल्यामुळे त्यांनी थेट इंग्लंडकडे अर्ज केला आणि 1784 मध्ये सनद मिळवली. हॉल यांना विधिमंडळात बसता येणे शक्य नव्हते, पण त्यांनी विधिमंडळाला विनंतीअर्जांनी भंडावून सोडले. 1788 मध्ये बोस्टनहून तीन मुक्त कृष्णवर्णीयांना फसवून जहाजावर नेऊन गुलाम म्हणून विकण्यात आले, तेव्हा हॉल यांच्या अर्जाला इतरांची साथ मिळाली आणि मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षी गुलामांच्या व्यापाराला प्रतिबंध करणारा कायदा केला. यादवी युद्धानंतर या परंपरेतील माणसे सत्तास्थानी पोहोचली. नॉर्थ कॅरोलिनातील प्रिन्स हॉल मेसनांचे नेते बिशप जेम्स हूड 1868 च्या राज्य घटनापरिषदेचे सदस्य होते, तर रिचर्ड ग्लीव्ह्ज 1872 मध्ये साउथ कॅरोलिनाचे उपगव्हर्नर म्हणून निवडून आले.

येथे मुंबईतील एक घटना सहज आठवते. माणेकजी करसेटजी यांना मुंबईतील युरोपीय लॉजमध्ये प्रवेश मिळाला नाही. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली आणि त्यानंतर 1843 मध्ये भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज स्थापन झाली. जवळचे दार बंद असताना दूरचे दार ठोठावण्याचा मार्ग बोस्टनने आणि मुंबईने सारखाच चोखाळला.

काही संघांनी मात्र दार अधिक रुंद ठेवले. 1867 मध्ये ऑलिव्हर केली व सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ग्रेंजमध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व होते. 1875 च्या सुमारास त्याची सभासदसंख्या आठ लाखांहून अधिक झाली. पक्षीय राजकारणापासून दूर राहण्याचे धोरण असूनही ग्रेंजच्या सभासदांनी इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा व विस्कॉन्सिन येथे रेल्वे आणि धान्यकोठारांच्या दरांवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्यांना बळ दिले. 'मन विरुद्ध इलिनॉय' (1877) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हा अधिकार मान्य केला. स्त्रियांच्या क्लबांच्या महासंघाची स्थापना 1890 मध्ये झाली. मतदानाचा देशव्यापी हक्क 1920 मध्ये मिळण्यापूर्वीच या क्लबांनी राज्य विधिमंडळांवर दबाव आणला. निराधार मातांना भत्ता देणारा कायदा 1911 मध्ये इलिनॉयने केल्यावर दहा वर्षांच्या आत बहुसंख्य राज्यांनी त्याचे अनुकरण केले, त्यामागे या क्लबांची मोठी खटपट होती.

बंद दाराचा प्रश्न न्यायालयात पोहोचला तो एका राज्य विधिमंडळ सदस्यामुळे. के. लिरॉय अर्विस हे पेनसिल्व्हेनिया प्रतिनिधीगृहाचे कृष्णवर्णीय सदस्य. 1968 च्या डिसेंबरमध्ये हॅरिसबर्ग या राजधानीच्या शहरातील मूस लॉजमध्ये एका सभासदाचे पाहुणे म्हणून ते गेले असता, वर्णामुळे त्यांना खाद्यपेये नाकारण्यात आली. ज्या लॉजला राज्याने मद्यविक्रीचा परवाना दिला आहे, तिला असा भेद करता येईल का, हा त्यांचा सवाल होता. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, केवळ परवान्यामुळे खासगी लॉजची कृती ही राज्याची कृती ठरत नाही. मात्र त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या मानवी संबंध कायद्याखाली लॉजच्या पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या भोजनव्यवस्थेतील भेदभावाला मनाई केली. राज्यघटनेच्या मार्गाने जे साधले नाही, ते विधिमंडळाच्या कायद्याने साधले. 1977 मध्ये अर्विस त्याच प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले.

पुढे मिनेसोटा राज्याच्या कायद्यान्वये जेसीज या संस्थेला (1984) आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यान्वये रोटरीला (1987) स्त्रियांना सभासदत्व नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. व्यवसायाच्या व सार्वजनिक जीवनाच्या ओळखी जिथे जुळतात, ती जागा घरासारखी खासगी राहत नाही, हा या निर्णयांमागचा आशय होता.

तिसरी कसोटी : सभासदयादी

1915 मध्ये विल्यम सिमन्स याने कू क्लक्स क्लॅनचे पुनरुज्जीवन केले. तो बंधुसंघांसाठी सभासद जमवण्याचा व्यवसाय करणारा होता आणि त्याने विधी, पदव्या, गणवेश हा सारा साज लॉजच्या धर्तीवर उभा केला. शेजारधर्म आणि देशप्रेम यांच्या आवरणाखाली कृष्णवर्णीय, कॅथलिक व ज्यू यांच्याविरुद्ध द्वेष पसरवणारी ही संघटना 1920 च्या दशकात राज्यांच्या सत्तेत शिरली. इंडियानामध्ये 1924 साली तिच्या पाठिंब्याने एडवर्ड जॅक्सन गव्हर्नर झाले. क्लॅनचा तेथील म्होरक्या डी. सी. स्टीव्हन्सन 1925 मध्ये एका तरुणीच्या हत्येबद्दल दोषी ठरला. गव्हर्नर माफी देतील ही त्याची आशा फोल ठरल्यावर त्याने राजकारण्यांशी असलेले आर्थिक व्यवहार उघड केले. जॅक्सन यांच्यावर 1927 मध्ये लाचेचा आरोप ठेवण्यात आला, परंतु खटल्याची कायदेशीर मुदत उलटून गेल्याने ते सुटले.

न्यू यॉर्कने निराळा उपाय योजला. राज्य सिनेटर जेम्स वॉकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1923 च्या कायद्याने शपथबद्ध संघटनांना आपली शपथ, नियमावली आणि सभासदयादी राज्याकडे सादर करणे बंधनकारक केले. जुन्या परोपकारी बंधुसंघांना व कामगार संघटनांना यातून वगळले होते. 1928 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला.

सभासदयादी उघड करण्याचे हे शस्त्र दुधारी होते. 1950 च्या दशकात अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेकडे सभासदांची नावे मागितली. नावे उघड झाली असती तर सभासदांच्या नोकऱ्या आणि जीव धोक्यात आले असते. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी फेटाळली. दोन्ही निकाल एकत्र वाचले असता संघटनेचे स्वरूप, तिचे वर्तन आणि नावे उघड झाल्यावर कुणाला काय भोगावे लागेल याचा विचार निर्णायक ठरल्याचे दिसते.

ओहोटी आणि तिचे परिणाम

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंधुसंघांचा प्रभाव ओसरला. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर परस्पर साहाय्याची निकड कमी झाली, विमा कंपन्या वाढल्या, दूरचित्रवाणीने संध्याकाळ घरात बांधून ठेवली. वर्ण आणि लिंगभेदामुळे जुन्या संघांची प्रतिष्ठाही तरुण पिढीच्या नजरेत उतरली. रॉबर्ट पुटनम यांनी 2000 मध्ये आणि थीडा स्कॉचपोल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या ऱ्हासाची मीमांसा आहे. स्कॉचपोल यांच्या प्रतिपादनानुसार सभासदांच्या सहभागाची जागा व्यावसायिक कर्मचाऱ्यांनी चालवलेल्या, देणग्यांवर उभ्या असलेल्या संस्थांनी घेतली. पूर्वीचा राज्य सिनेटर लॉजमध्ये लोहाराच्या शेजारी बसून त्याच्या अध्यक्षतेखाली हात वर करून बोलण्याची परवानगी मागे. नंतरच्या राजकारण्याला देणगीदारांच्या बैठका आणि सल्लागारांचे अहवाल पुरू लागले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सार्वजनिक पदाची शपथ ही इतर सर्व शपथांच्या वर असली पाहिजे. मॉर्गन प्रकरणात लोकांना भीती वाटली ती हा क्रम उलटल्याची. दुसरी, संघाच्या आतील समतेने दारातील विषमतेची भरपाई होत नाही. पदांचे व ओळखींचे वाटप जिथे होते, त्या जागेतून वगळलेला नागरिक राजकारणातूनही वगळला जातो. तिसरी, पारदर्शकतेचा नियम सबळांना आणि दुर्बलांना एकाच मापाने लावला तर त्यातून अन्याय होऊ शकतो.

तथापि दोषांमुळे लॉजचे श्रेय नाकारता येत नाही. सभा वेळेवर सुरू करणे, विरोधकाचे म्हणणे ऐकून घेणे, पराभूत झाल्यावरही पुढच्या बैठकीला येणे, पै-पैचा हिशेब चारचौघांसमोर ठेवणे या सवयी कायद्याच्या पुस्तकातून लागत नाहीत. त्या लावणारी स्थानिक संस्था आपल्याकडेही भजनी मंडळ, वाचनालय, पतसंस्था वा गणेशोत्सव मंडळ अशा रूपांत आढळते. अशा संस्थेतून पुढे आलेल्या कार्यकर्त्याला मत देताना, त्या संस्थेत प्रवेश कुणाला होता आणि तिचे हिशेब कुणाला पाहता येत होते, एवढे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.